नक्षत्रांचे भय नको, नक्षत्रांची नोंदवही हवी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा इतिहासाचा शिक्षक म्हणून मी धम्मक्रांतीवर किंवा वत्सगुल्मच्या वाकाटकांवर लिहीन, अशी मंडळाची अपेक्षा असावी. या वेळी मी ताऱ्यांविषयी लिहीत आहे. विषय माझ्या पदवीचा नाही, हे मान्य आहे. परंतु ज्या प्रसंगामुळे तो मनात घर करून बसला, तो प्रसंग आपल्या समाजाच्या इतिहासाचाच एक भाग आहे असे मी मानतो.

२६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी सूर्यग्रहण होते. महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसणार होते. आदल्या सायंकाळी वसतिगृहातील मुलांच्या काही पालकांचे फोन आले. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नका, असे ते म्हणाले असते तर त्यांचे आभार मानावेत. त्यांचे म्हणणे निराळे होते. मुलांना बाहेर काढू नका, ग्रहण सुटेपर्यंत जेवू घालू नका, आणि एका माऊलीच्या शब्दांत, ‘पोराची रास नाजूक आहे.’ हे सर्व पालक बौद्ध होते. त्यांच्या घरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, हे मी स्वतः पाहिले आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण देव्हारे उतरवले, परंतु पत्रिका मात्र मागच्या दाराने घरात परत आली, आणि आता तर ती मोबाईलमधून रोज सकाळी हजर होते.

म्हणून प्रश्न असा पडला की, तारे खरोखर काय करतात? ते आपल्या आयुष्यावर काही परिणाम करतात की नाही? उत्तर शोधू लागलो तेव्हा मला एक गोष्ट कळली. तारे अत्यंत खळबळीचे आहेत, आपल्या जवळच्या एका ताऱ्याचा आपल्यावर मोजता येण्याजोगा परिणामही होतो; पण त्या परिणामाचा जन्मवेळेशी, राशीशी आणि जातीशी काडीचाही संबंध नाही.

सूर्य हाही एक ताराच. तो घन गोळा नाही. त्याचे द्रव्य इतके तप्त आहे की अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि सारे द्रव्य वीज वाहून नेऊ शकते. सूर्याच्या बाहेरच्या थरात हे द्रव्य पातेल्यातील उकळत्या आमटीप्रमाणे खालून वर आणि वरून खाली सतत फिरत असते. त्याच वेळी सूर्य स्वतःभोवतीही फिरतो, परंतु सर्वत्र सारख्या गतीने नाही. विषुववृत्तावर एका फेरीस सुमारे २५ दिवस लागतात, ध्रुवांकडे दहाएक दिवस अधिक. टकळीवर सूत गुंडाळले जावे तसे या असमान फिरण्याने सूर्याचे चुंबकीय क्षेत्र गुंडाळले जाते, पिळले जाते आणि बळकट होते. जेथे ते पृष्ठभाग भेदून वर येते तेथे खालून येणारी उष्णता अडते. तो भाग भोवतालच्या मानाने थंड, म्हणून काळपट दिसतो. त्यालाच आपण सौरडाग म्हणतो. या डागांत प्रबळ चुंबकत्व असते हे अमेरिकेतील जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ साली त्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करून सिद्ध केले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. मराठी वृत्तपत्रसृष्टीचे आद्य प्रवर्तक बाळशास्त्री जांभेकर आणि गणिती केरूनाना छत्रे यांचाही या वेधशाळेशी संबंध आला होता. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे सौरडागांचे चित्र काढीत असताना त्यांना डागांच्या समूहावर अकस्मात पांढरा लखलखाट दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली, आणि एरवी ध्रुवप्रदेशात दिसणारा रंगीत प्रकाश कितीतरी दक्षिणेकडील देशांत दिसला. २ सप्टेंबर रोजी कुलाब्याच्या नोंदवहीत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचे नोंदले गेले. या आकड्याचे मोल पुढील काळातील घटनेवरून कळेल. १३ मार्च १९८९ रोजी ज्या वादळाने कॅनडाच्या क्विबेक प्रांतातील सुमारे ६० लाख लोकांची वीज नऊ तास घालवली, त्याची जागतिक निर्देशांकातील घसरण ५८९ नॅनोटेस्ला होती. एका वेधशाळेतील नोंद आणि जागतिक निर्देशांक या अगदी सारख्या गोष्टी नव्हेत. तरीही १८५९ च्या वादळाचा अंदाज यावरून येतो.

कुलाब्याची ती नोंद १४४ वर्षे कागदावर पडून होती म्हटले तरी चालेल. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लखीना आणि त्यांच्या देशी-विदेशी सहकाऱ्यांनी ती पुढे आणून त्या वादळाची तीव्रता नव्याने मोजली. आज जगभर सौर वादळांच्या धोक्याचा विचार होतो तेव्हा मुंबईच्या या नोंदीचा आधार घेतला जातो. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला येथे थांबावेसे वाटते. ठरलेल्या वेळी उठून यंत्रापाशी जाणाऱ्या, आकडा वाचणाऱ्या आणि तो वहीत उतरवणाऱ्या कोणा मदतनिसाला आपण काय साधत आहोत हे ठाऊक नव्हते. त्याने कंटाळा केला असता, किंवा ‘आज आकडा भलताच दिसतो, यंत्र बिघडले असेल’ असे म्हणून जुना आकडा लिहिला असता, तर जगाला ते कधीच कळले नसते. प्रामाणिक नोंद ही इतिहासाची आणि विज्ञानाची समाईक माता आहे.

पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागला नेण्याची व्यवस्था केली. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा व अलिबाग दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप करून मगच स्थलांतर झाले, म्हणून नोंदींची साखळी तुटली नाही. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

सूर्य हा आपला परिचित तारा. परंतु त्याच्यापेक्षा कितीतरी वेगाने फिरणारे तारे आकाशात आहेत. दक्षिण आकाशात एबी डोराडस नावाचा एक तरुण तारा आहे. सूर्याला ज्या फेरीस २५ दिवस लागतात ती हा तारा साडेबारा तासांहूनही कमी वेळात पूर्ण करतो. सूर्याचा विषुववृत्तावरील वेग सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर, तर याचा सुमारे ९० किलोमीटर. तारा जितका वेगाने फिरतो तितके त्याचे चुंबकत्व प्रबळ होते. त्यामुळे अशा ताऱ्यांवरील डाग सूर्याच्या डागांच्या शेकडो पट मोठे असतात. सूर्याचे डाग विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत असतात, तर वेगवान ताऱ्यांवर ते थेट ध्रुवापर्यंत पोचलेले आढळतात. मात्र या वाढीलाही मर्यादा आहे. एका वेगापलीकडे ताऱ्याची क्ष-किरणांतील तेजस्विता त्याच्या एकूण तेजाच्या सुमारे एक हजारांशावर येऊन थांबते आणि वेग वाढला तरी वाढत नाही.

येथे चिकित्सक वाचक विचारील, तारा दुर्बिणीतूनही ठिपकाच दिसतो, मग त्यावरचे डाग कसे दिसले? आपल्या लहानपणीचा कंदील आठवा. त्याच्या काचेवर एका बाजूस काजळी धरली आहे आणि कोणी तो दूर शेतात हातात धरून संथपणे फिरवीत आहे. आपल्याला काजळी दिसणार नाही, पण प्रत्येक फेरीत प्रकाश किंचित मंदावलेला दिसेल. त्या मंदावण्यावरून फेरीचा काळ कळेल, काजळी किती आहे याचाही अंदाज येईल. याहून सूक्ष्म युक्ती वर्णपटाची आहे. फिरत्या ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते, त्यामुळे वर्णपटातील रेषा रुंदावते. डाग एका कडेकडून दुसरीकडे सरकतो तसतशी त्या रुंद रेषेत एक लहानशी खूण सरकत जाते. अशा अनेक रात्रींच्या खुणा जुळवून शास्त्रज्ञ कधीही न पाहिलेल्या ताऱ्याच्या पृष्ठभागाचा नकाशा तयार करतात. अनुमान म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

आपल्या ओळखीच्या नक्षत्रांचाही यात भाग आहे. कार्तिक महिन्यात रात्री डोक्यावर येणाऱ्या कृत्तिका सर्वांनी पाहिल्या आहेत. तो सुमारे १२ कोटी वर्षे वयाचा तारकागुच्छ आहे. शेजारी रोहिणी नक्षत्राच्या दिशेस दिसणारा इंग्रजी व्ही आकाराचा गुच्छ ६०-७० कोटी वर्षांचा आहे. खुद्द रोहिणीचा तांबूस तारा मात्र त्या गुच्छाचा नाही, तो अलीकडे आहे आणि केवळ त्याच दिशेस दिसतो. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. अँड्र्यू स्कुमॅनिच या शास्त्रज्ञाने १९७२ साली कृत्तिका, रोहिणीचा गुच्छ आणि सूर्य यांची तुलना करून दाखवले की, सूर्यासारख्या ताऱ्यांचे वय चौपट झाले की त्यांचा फिरण्याचा वेग आणि चुंबकीय खळबळ निम्म्यावर येते. कारण ताऱ्यापासून सतत वाहणारा विद्युतभारित वारा चुंबकीय क्षेत्रात अडकून दूरवर ओढला जातो आणि ताऱ्याच्या गतीला हळूहळू लगाम बसतो. आपला सूर्यही तारुण्यात असाच वेगवान आणि उग्र होता. तारा जन्मतो, उसळतो, मंदावतो. अनित्यता शिकलेल्या मनाला हे परके वाटू नये.

या साऱ्या संशोधनात एका नावाकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. ताऱ्यांची चुंबकीय खळबळ मोजण्याची प्रमुख रीत म्हणजे वर्णपटातील कॅल्शियमच्या दोन रेषांचे तेज मोजणे. ऑलिन विल्सन यांनी १९६६ पासून वर्षानुवर्षे याच रेषांवर पाळत ठेवून इतर ताऱ्यांनाही सूर्यासारखे डागांचे चक्र असते हे दाखवले. त्या कॅल्शियमच्या रेषा सूर्याच्या वातावरणात इतक्या उंचावर का दिसतात, याचे उत्तर १९२० साली मेघनाद साहा यांनी दिले. सौरडाग थंड असल्याने तेथे रुबिडियमच्या रेषा दिसाव्यात, हे त्यांचे भाकीतही पुढे खरे ठरले. हेच मेघनाद साहा ढाक्याजवळच्या खेड्यातील एका छोट्या दुकानदाराचे पुत्र. कलकत्त्याच्या विद्यार्थी वसतिगृहात त्यांच्या जातीमुळे उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांना आपल्या पंक्तीला बसू दिले नाही. ज्याला पंक्तीतून उठवले त्याने ताऱ्यांचा प्रकाश वाचण्याची किल्ली जगाला दिली. आपल्या वसतिगृहात सारी मुले एका पंक्तीला जेवतात. ही साधी वाटणारी गोष्ट किती मोलाची आहे, हे माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांना सांगावे.

आजचे उदाहरण हवे असेल तर जुन्नर तालुक्यातील खोडदला जावे. तेथे आणि परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील बर्नाली दास आणि पूनम चंद्रा यांनी तिच्या साहाय्याने सूर्याहून उष्ण आणि प्रबळ चुंबकत्वाचे असे तारे शोधले, जे दीपगृहाप्रमाणे फिरता फिरता रेडिओ स्पंद सोडतात. असा पहिला तारा २००० साली जगाला माहीत झाला. २०२१ पर्यंत ज्ञात असलेल्या १५ पैकी ११ तारे याच दुर्बिणीने शोधले होते. या ताऱ्यांचे चुंबकत्व सूर्यासारखे पिळातून निर्माण होत नाही. ते त्यांच्या जन्मकाळापासून टिकून राहिलेले असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे एकाच नियमात सारे बसवण्याची घाई येथेही चालत नाही.

आता माझे मत स्पष्ट मांडतो. ताऱ्यांविषयी आपल्या समाजात दोन चुका होत आहेत.

पहिली चूक भयाची. आपली दैन्यावस्था पूर्वजन्मीच्या कर्माने ठरली, असे आपल्या पूर्वजांना शतकानुशतके सांगितले गेले. बाबासाहेबांनी ते नाकारले. जन्मपत्रिका तेच सांगते, फक्त पूर्वजन्माच्या जागी शनी-मंगळ येतात. माणसाचे भवितव्य त्याच्या जन्माच्या घटकेला ठरते, हा सिद्धान्त एकदा मान्य केला की जन्माने ठरणारी जातही नाकारण्याचा अधिकार आपण गमावतो. मंगळ आहे म्हणून मुलीचे स्थळ परत पाठवणाऱ्या बौद्ध कुटुंबाने याचा विचार करावा. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणे व नक्षत्रे यांवरून भविष्य सांगण्याला तथागतांनी मिथ्या उपजीविका मानले आहे.

दुसरी चूक अभिमानाची, आणि ती आपल्यातील सुशिक्षितांकडून होते. विज्ञानात काही नवे निघाले की ते भगवान बुद्धांनी आधीच सांगितले होते, असे व्यासपीठावरून ठोकून दिले जाते. इतरांनी वेदांत विमाने शोधली तर आपण हसतो, मग स्वतः तेच का करावे? तथागतांनी ताऱ्यांच्या चुंबकत्वाविषयी काही सांगितले नव्हते, आणि त्याने त्यांची थोरवी कणभरही कमी होत नाही. त्यांनी कालामांना परीक्षेची रीत सांगितली, तेवढे पुरेसे आहे. मेहनत दुसऱ्याची आणि श्रेय आपले, हा व्यवहार धम्मात बसत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, सोयाबीनला भाव नाही, नोकऱ्या नाहीत, आणि हे गुरुजी ताऱ्यांच्या गोष्टी सांगतात! माझे उत्तर असे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह उघडले, तेव्हाही समाजापुढे भुकेचाच प्रश्न होता. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे. आमच्या मुलांनी फक्त पोटापुरते शिकावे, असे बाबासाहेबांना वाटले असते तर त्यांनी एवढा खटाटोप केला नसता. कोणते ज्ञान कोणासाठी, हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती होता म्हणून आपण मागे राहिलो. आज ‘हे आपल्या मुलांच्या कामाचे नाही’ असे आपणच म्हणू लागलो, तर तेच कुंपण आपण आपल्या हाताने घालत आहोत. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्याला सवलत नसते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एक सूचना करतो. आपल्या शाळेने सौरडागांची दैनिक नोंदवही सुरू करावी. पत्र्याच्या बारीक भोकातून जमिनीवर पडणारा कवडसा गोल असतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते, हे मुलांना दाखवून आरंभ करावा. त्यानंतर एका लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी, डागांच्या जागा पेन्सिलीने उतरवाव्यात, तारीख, वेळ आणि नोंद घेणाऱ्याचे नाव लिहावे. सूर्याकडे थेट किंवा दुर्बिणीतून कोणीही कधीही पाहू नये, डोळे कायमचे जातात. हे काम शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे. दिवसाच्या शाळेला रविवार आणि सुट्ट्या आड येतात. निवासी शाळेत मुले बहुतेक दिवस हजर असतात, हा आपला विशेष लाभ आहे. दोन आठवड्यांतच डाग सरकताना दिसतील आणि सूर्य फिरतो हे मुले स्वतः शोधतील. ११ वर्षे वही चालली तर डागांचे एक पूर्ण चक्र नोंदले जाईल. हे चक्र ज्याने शोधले तो हाइनरिख श्वाबे जर्मनीतील एक औषधविक्रेता होता. १८२६ पासून १७ वर्षे तो निरभ्र दिवशी डाग मोजत राहिला. त्याच्याजवळ चिकाटी होती, आणि ती केनवडच्या मुलांजवळही आहे.

माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, या वर्षी पंखे आणि नामफलक यांऐवजी एक दुर्बीण आणि जाड बांधणीची एक मोठी वही द्यावी. पालकांना विनंती आहे की, पुढच्या ग्रहणाला फोन करण्याऐवजी स्वतः शाळेत यावे आणि मुलांसोबत कागदावरची प्रतिमा पाहावी.

२ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य एल-१ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने साकारली आहे. कुलाब्याच्या वहीतील त्या वादळाची तारीखही २ सप्टेंबरच होती. माझ्या वर्गातील एका मुलीने हे ऐकून विचारले, ‘सर, हा शुभसंकेत का?’ मी म्हटले, बाळा, हा योगायोग आहे, तारीख लिहून ठेव. तिने लिहून ठेवली. मला त्या शाळेचे भविष्य तिच्या त्या वहीत दिसते.

जय भीम! नमो बुद्धाय!